उंटाच्या हाडाचा तुकडा

मिरज स्टेशनवर अब्बा मला सोडायला आले ते कामाच्याच शर्टात, बाहीवर लाकडाचा भुसा तसाच. दुकान चार पिढ्यांचं, सतारी करायचं, आणि एकुलता एक मुलगा एमएस करायला अमेरिकेला निघालेला. गाडी हलायच्या आधी त्यांनी फडक्यात बांधलेली एक पुरचुंडी माझ्या हातात दिली. आत बारकी कानस होती आणि उंटाच्या हाडाचा बोटभर तुकडा. सतारीच्या तारा ज्या घोडीवर टेकतात, तिच्या माथ्याला हे हाड बसवतात. "तिकडं एक तरी सतार कर," एवढंच म्हणाले.

ती सतार झाली नाही. बावीस वर्षांत पाच घरं झाली, तीन कंपन्या झाल्या, एक लेऑफ झाला. पुरचुंडी मात्र दर वेळी पासपोर्टांच्या पाकिटातून नव्या घरी गेली. तुमच्यापैकी जे इकडे आलेत त्यांच्याही कपाटात असं काहीतरी असणारच. जे तिथेच राहिलात त्यांनी रागावू नका. सोमवार ते शुक्रवार माणूस इतका पिळून निघतो की शनिवारी कानस धरवत नाही.

इथे पार्सिपनी गावात आमच्या खालच्या मजल्यावर निको राहतात. आमच्या घरात ते निकोकाका. तेविसाव्या वर्षी ग्रीसच्या एका बेटावरून बुझुकी घेऊन आले. बुझुकी म्हणजे लांब मानेचं, गोल पोटाचं त्यांच्याकडचं तंतुवाद्य. आठवडाभर डायनरमध्ये भांडी घासायची आणि शनिवार-रविवारी लग्नांत, बारशांत, हॉटेलांत वाजवायचं, असं त्यांनी चाळीस वर्षं केलं. आईला दोन वर्षांत परत येतो म्हणून सांगितलं होतं. ती गेली तेव्हा ते कुणाच्या तरी लग्नात वाजवत होते. पुढे लग्नांत डीजे आले, हॉटेलं बंद पडली, बोटं आखडली. यंदा चर्चच्या जत्रेत शेवटचं वाजवायचं आणि बुझुकी पेटीत ठेवून द्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

जत्रेच्या आठवडाभर आधी ते वर आले. एक तार झणझणत होती, आणि दुरुस्ती करणारा त्यांचा माणूस फ्लोरिडाला गेला होता. मी छाती पुढे काढून म्हणालो, "निको, दिस इज माय फॅमिली बिझनेस. लीव्ह इट विथ मी."

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर किचन टेबलवर बसलो आणि कानस काढली. सतारीला घोडीचा माथा अशा बेतानं घासायचा की तार त्यावर हलकी लोळते आणि सूर भुंग्यासारखा गुणगुणत राहतो. याला आमच्याकडे जवारी म्हणतात. माझा कान लहानपणापासून त्याच आवाजाला बरोबर म्हणत आलाय. बुझुकीच्या घोडीवरही हात थांबेचना. सगळ्या तारा गुणगुणायला लागल्या तेव्हा कित्येक वर्षांनी मी स्वतःवर खूश झालो. फोनवर रेकॉर्डही केलं. होमवर्कवरून मान वर न करता मुलगी म्हणाली, "डॅड, दॅट्स नॉट हिज साउंड." मी तिला गप्प केलं.

शनिवारी सकाळी निकोकाकांनी दोनदा तार छेडली आणि खुर्चीत बसले. "आय आस्क्ड यू टू टेक इट आउट," ते हळूच म्हणाले. "यू पुट इट एव्हरीव्हेअर." जत्रा दुसऱ्या दिवशी होती. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मला मान वर करवेना.

मिरजेत तेव्हा संध्याकाळ होती. अब्बांना हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून व्हिडिओ कॉलवर सगळं ओरडून सांगितलं. ते म्हणाले, "घासलेलं परत येत नाही. नवा माथा बसव. हाड आहे ना तुझ्याकडं?"

"ते सतारीसाठी ठेवलंय."

"बावीस वर्षं ठेवलंस. आता त्या वाद्याला लाव."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे मला जास्तच लागलं. साखरेच्या डब्याला टेकवून फोन उभा केला. तीन तास ते सांगत होते आणि मी घासत होतो. माथा अरुंद ठेव, तार टेकली की लगेच सुटली पाहिजे. मला शिकवलेलं सगळं ते उलटं करून सांगत होते.

रविवारी निकोकाकांनी तीन गाणी वाजवली. आवाज स्वच्छ आणि कोरडा होता, मला त्यात काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं. त्यांनी मात्र डोळे मिटले होते आणि पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या सोबत गात होत्या. चौथं गाणं त्यांनी सुरू केलं नाही. बोटं चोळली, बुझुकी पेटीत ठेवली आणि मला म्हणाले, "ओके. लेट्स गो होम." होम म्हणजे आमचीच बिल्डिंग. मी कारचं दार उघडलं.

पुढच्या कॉलवर अब्बा म्हणाले, "ते बिघडवलेलं ऐकव." मी रेकॉर्डिंग लावलं. फोन कानाशी दाबून त्यांनी ते तीनदा ऐकलं. मग म्हणाले, "जवारी बरोबर निघालीय." दुकानात मी घासलेली एकही घोडी त्यांनी स्वतः पुन्हा घासल्याशिवाय कधी ठेवून घेतली नव्हती. मला रडू आलं, आणि ते त्यांना ऐकू गेलं नाही.

घर कुठे, असं हल्ली कुणी विचारलं की मी पार्सिपनी सांगतो, आणि ते खरंही आहे. पण माझं बरोबर आलेलं ओळखणारा माणूस मिरजेत आहे, आणि त्याला दर महिन्याला थोडं आणखी कमी ऐकू येतं.