उजव्या वळणावरचा पिवळा दिवा

तीन दिवस येथे नोंदवतो, आणि प्रत्येकासमोर त्याचा जबाबदार.

होळीच्या आधीचा रविवार: आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या पटांगणावर जुन्या मोटारींचे मोफत तपासणी शिबिर. जबाबदार, शिबिर भरवणाऱ्या वर्कशॉपचे मालक.

त्यानंतरचा मंगळवार: सातपूरच्या रस्त्यावर, उजव्या वळणावर घडलेला प्रकार. जबाबदार तेच, आणि गाडी मी चालवत होतो, म्हणून कायद्याने मीही.

पाडव्याचा आदला दिवस: मालकांना माझे तिसरे पत्र, आणि त्यांचे तिसरे मौन. जबाबदार, केवळ तेच.

हिवाळ्यात पत्नीच्या खुब्याचे ऑपरेशन झाले. व्यायामासाठी तिला सातपूरला न्यावे लागे, आणि डॉक्टरांनी बजावले होते की गाडीत हिसका बसता कामा नये. वेळ मिळाली होती ती नेमकी कारखान्यांची पाळी सुटण्याची. उजवीकडे वळायच्या जागी मागून मोटारसायकलींचा लोंढा येई. आणि आमच्या जुन्या गाडीचा मागचा उजवा इंडिकेटर लहर येईल तेव्हा बंद पडे.

मला कमी ऐकू येते. टिकटिक मला कळत नसे, आणि समोरच्या रस्त्यावरची नजर काढून डॅशबोर्डवरचा बाण पाहण्याचे धैर्य होत नसे. म्हणून ऐकण्याचे काम पत्नीने घेतले. वळण जवळ आले की ती मोठ्याने म्हणत राही, "आहे... आहे... आहे..." त्या शब्दांच्या मधल्या रिकाम्या जागेत माझे तळहात घामाने भिजत. आदल्या रात्रीपासूनच ते वळण माझ्या डोळ्यांसमोर येई.

न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेला मी, पुराव्यावाचून आरोप करत नाही. पण हा बिघाड प्रत्येक मेकॅनिकसमोर फितूर होई. दोन गॅरेजांत बल्ब बदलले, फ्लॅशर बदलला. तिथे दिवा शहाण्यासारखा लुकलुके आणि वळणावर दगा देई.

म्हणून मोठ्या आशेने मी शिबिराला गेलो. मालकांना म्हणालो, "माझ्याबरोबर एक फेरी मारा. उभ्या गाडीत हा दोष दिसत नाही."

"साहेब, लागतोय ना दिवा? झालं तर! जास्त विचार करू नका, बीपी वाढेल."

"मी तक्रार करतो आहे, ती नोंदवून तरी घ्या."

"अहो, मागे रांग बघा केवढी आहे!" असे म्हणत त्यांनी काचेवर 'सुरक्षित वाहन' असे हिरवे स्टिकर चिकटवले आणि माझा हात हातात घेऊन फोटोही काढून घेतला.

मंगळवारी वळणावर मी ब्रेक दाबला. "आहे... आहे..." पत्नी म्हणाली, आणि मग ओरडली, "अहो, टिकटिक थांबली!"

तोवर मी स्टिअरिंग फिरवले होते. मागून उजव्या बाजूने दोघांना घेऊन येणारी मोटारसायकल घसरत माझ्या दाराशी येऊन आडवी झाली. मी पूर्ण ताकदीने ब्रेक मारला. कुणीतरी किंचाळले, बाहेरचा तरुण की शेजारी बसलेली पत्नी, हे मला कळले नाही. ती दोन्ही हातांनी खुबा धरून होती. मला तिच्याकडे वळून पाहवेना.

चालवणारा उठला, कोपर झाडले. "ओ काका, हात तरी दाखवायचा ना!"

मागे बसलेल्याचे लक्ष काचेकडे गेले. "अरे, हे वाच. सुरक्षित वाहन! म्हणजे आपणच असुरक्षित!" जमलेली माणसे हसली.

पत्नी हळूच म्हणाली, "मी बरी आहे. तुम्ही आधी ते स्टिअरिंग सोडा." माझी बोटे सुटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी इमारतीच्या पार्किंगमध्ये मी गाडीच्या मागे प्लास्टिकची खुर्ची ठेवली. पत्नी तीवर बसली, काठी मांडीवर. मी आतून इंडिकेटर लावला.

"लागतोय," ती म्हणाली.

प्रत्यक्ष वळणावर मी आणखी काय करतो, याचा विचार केला, आणि ब्रेक दाबला.

"लाल लागला... पिवळा गेला!"

"नीट बघ!"

"नीटच बघतेय. खुबा बदललाय माझा, डोळे नाहीत!"

मागच्या दिव्याचे घर उघडले. ब्रेकचा आणि इंडिकेटरचा, दोन्ही दिवे एकाच अर्थिंगच्या तारेवर होते, आणि तिचा स्क्रू गंजून भुरभुरा झाला होता. एका दिव्यापुरता तो कसाबसा टिके, दोन्हींचा भार आला की हात टेकी. ओल धरली की अधिकच. सँडपेपरने जागा घासली, नवा स्क्रू आवळला, ब्रेक दाबून पुन्हा पाहिले. पिवळा लुकलुकत राहिला.

तेव्हापासून तो विझलेला नाही. तरीही त्या वळणावर पत्नी "आहे... आहे..." म्हणतेच, आणि मी तिला थांबवत नाही. स्टिकर मी नखाने खरवडून काढले. पण त्या रविवारच्या रांगेतील इतर गाड्यांवर ते अजून आहे. त्यांचे चालक माझ्या वयाचे आहेत, काचेवरच्या शब्दांवर विश्वासून ते वळतात, आणि त्यांच्या मागून पाळी सुटलेली तरुण मुले येतात. रोज संध्याकाळी त्या वेळेला मला हे आठवते.

सबब, वर्कशॉपच्या मालकांनी संघाच्या येत्या सभेत, त्याच पटांगणावर, ध्वनिक्षेपकावरून सांगावे: स्टिकर लावण्यापूर्वी त्यांनी एका तरी गाडीचा इंडिकेटर ब्रेक दाबून तपासला होता काय? खासगीत दिलेले उत्तर मी स्वीकारणार नाही.