कातडं पडद्यावर बसलं तेव्हा

औषध सापडल्याची बातमी आणि औषध हातात पडणं, यांतलं अंतर तुम्ही घरातल्या आजाऱ्याला कधी सांगितलंय?

आमच्या ताईनं सांगितलं नव्हतं. नवं शतक नुकतंच लागलं होतं. ताई पुण्यात कॉम्प्युटरवर औषधांच्या रचना बेतायची आणि आई कासुर्डीत रोज पोटात इन्शुलिनची सुई टोचून घ्यायची. इन्शुलिन हे प्रथिन. गिळलं तर पोटात पचूनच जातं. म्हणून त्याची नक्कल करील असा, गोळीत मावणारा लहानसा रेणू ताईला हवा होता.

आजोबांपर्यंत आम्ही शिरूरच्या माळांवर मेंढ्या चारल्या. मेंढीचं कोकरू मेलं, की त्याचं कातडं पोरक्या कोकरावर बांधायचं. मेंढी हुंगते, आपलं समजून पाजते. सुट्टीत आलेल्या ताईनं आईला तेच सांगितलं.

"पेशी बी तशाच हुंगत्यात, आई. ओळखीपुरतं कातडं पुरतं त्यांना. परवा एक कातडं बरोबर बसलं बघ."

"बसलं? मग झालंच की, बाई!" आईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला.

कातडं बसलं की मेंढी त्याच दिवशी पाजते, हे आईला पक्कं ठाऊक. ताई परत गेली आणि आईनं सुई बंद केली. पुढच्या आठवड्यात ती घटाघटा पाणी पिऊ लागली, उभी राहिली की झोक जाऊ लागला. मी तिला यवतच्या डॉक्टरांकडे नेलं, ताईला फोन केला. ती मिळेल त्या एसटीनं आली.

"आई, ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर बसलंय गं. मेंढीपाशी अजून न्यायचंय."

"मग ने की. कवा नेतीस?"

"आधी ते इखारी न्हाई ना, बघावं लागतं. वर्षं जातील. कदाचित जमणार बी न्हाई."

आईनं विचारलं, "मग तवर कोकराला काय पाजायचं?"

"बाटली," म्हणत ताईनं सुई पुढं केली.

"शिकून शिकून आईलाच कोकरू केलंस व्हय गं!" आईनं हसत पोटावरचा पदर सारला.

तो रेणू पुढच्या तपासणीत टिकला नाही. ताई दुसरा शोधायला बसली. मला तिचा अभिमान आहे, आणि तरीही म्हणतो: आजाऱ्याला न कळलेलं विज्ञान अर्धंच.

तुमच्या घरी कुणी इन्शुलिनवर असेल, तर नव्या गोळीची बातमी त्यांना जरूर वाचून दाखवा. पण त्याआधी शेजारी बसा आणि विचारा, आजची सुई घेतली का?