देवरामांची जीप आणि मागचं बाक

नाशिक महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात पंप चालवता चालवता देवराम पगारे निवृत्त झाले आणि त्यांनी सरकारी लिलावातून एक जुनी जीप उचलली. उपनगर भागातल्या त्यांच्या कॉलनीत लोक हसले, पण देवरामांना त्या जीपचं वेड लागलं. रविवार आला की मित्रांना घेऊन ते पेठच्या बाजूला डोंगरात शिरायचे, ओढ्यातून, धोंड्यांवरून गाडी काढायचे, आणि घरी आल्यावर बायकोला, कुसाबाईंना, सगळं रंगवून सांगायचे. कुसाबाई भाकऱ्या थापत ऐकायच्या. ‘तूही चल’ असं त्यांना कधी कुणी म्हटलं नाही.

कुसाबाई त्या जीपमधून लांब गेल्या त्या एकदाच, इगतपुरीजवळच्या एका गावी पुतण्याच्या लग्नाला. देवरामांचे जुने साहेबही बरोबर होते. साहेब पुढे बसले. कुसाबाई मागे, लोखंडी बाकावर. परतताना साहेबांना गाडीची ताकद दाखवायची म्हणून देवरामांनी डांबरी रस्ता सोडला आणि धरणाच्या कडेच्या खडकाळ वाटेला जीप घातली.

“अहो, हळू घ्या,” कुसाबाई मागून म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या.

पुढच्याच चरीत जीप उडाली. कुसाबाई वर फेकल्या गेल्या आणि बाकावर आपटल्या, त्या उठल्याच नाहीत. मणका दबला होता.

कित्येक महिने त्या अंथरुणावर होत्या. नंतर कमरेला पट्टा बांधून घरातल्या घरात फिरू लागल्या. भेटायला येणाऱ्यांना त्या एवढंच सांगायच्या, “रस्ताच खराब होता.” नागपूरला दिलेल्या मुलीने, तेजलने, फोनवर बापाला विचारलं होतं, “आई काही बोलली नाही का तुम्हाला?” तेव्हा देवराम म्हणाले होते, “इंजिनाच्या आवाजात मला काही ऐकूच आलं नाही गं.” पुढे ज्याला त्याला ते हेच सांगत गेले. सांगून सांगून त्यांना ते जवळजवळ खरंही वाटायला लागलं होतं.

यंदा तेजलला मुलगी झाली. नात बघायची आणि दीक्षाभूमीवर डोकं टेकवून यायचं, असं कुसाबाईंनी मनावर घेतलं. थांबत थांबत, पाठीला आधार देऊन जायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तेजल त्यांचं मनमाड ते नागपूर रेल्वेचं तिकीट काढणार होती.

“तिकीट नको. जीपनेच नेतो,” देवराम म्हणाले. “पाहिजे तिथे थांबता येईल.”

कुसाबाईंचा हात कमरेच्या पट्ट्यावर गेला.

दुसऱ्या दिवसापासून देवरामांचा मुक्काम द्वारका चौकाजवळ मुन्नाच्या गॅरेजवर. मुन्ना चाळिशीचा, जीपची नस न् नस ओळखणारा. तो म्हणाला, “काका, ही गाडी डोंगरात उड्या मारायला बनलीय. हिचा पलंग कसा होणार?”

“पलंगच कर,” देवराम म्हणाले.

मुन्नाने स्प्रिंगचे जाड पाटे काढून मऊ पाटे चढवले, शॉकअप नवे घातले, झिजलेले रबरी बुश बदलले. वरचं फाटकं कापडी हूड गेलं, नवं आलं. मागचं एक बाक काढून तिथे झोपता येईल अशी गादी करायला भद्रकालीतल्या गादीवाल्या नजीरभाईंना सांगितलं. देवराम त्यांच्या दुकानात स्वतः गादीवर आडवे व्हायचे, उठायचे आणि म्हणायचे, “कमरेखाली अजून थोडी भरा.” नजीरभाईंनी हसत विचारलं, “पगारेसाहेब, घरात नवी नवरी येतेय की काय?” देवरामांना हसू आलं नाही. ते पुन्हा आडवे झाले.

इंजिनाचा आवाज कमी करायचं काम तेवढं राहिलं होतं. त्याआधी पाटे कसे बसलेत ते बघू, म्हणून दोघे गंगापूर धरणाकडच्या एका उखडलेल्या रस्त्यावर जीप घेऊन गेले.

“तू चालव. मी मागे बसतो,” देवराम म्हणाले.

“गादीवर ना?”

“नाही. बाकावर.”

एक बाक अजून होतं. देवराम त्यावर बसले. इतकी वर्षं जीप त्यांची, पण त्या जागेवर ते कधी बसले नव्हते. पुढचं काही दिसत नव्हतं, त्यामुळे खड्डा कधी येणार तेही कळत नव्हतं. प्रत्येक दणक्याला हाडं खिळखिळी होत होती. पाय रोवायला जागा नाही, धरायला वरचा एक पाइप, बस. नवे पाटे घालूनसुद्धा ही गत.

“मुन्ना, हळू घे,” ते म्हणाले. ओरडले नाहीत, साध्या आवाजातच बोलले.

जीप लगेच मंदावली. मुन्नाने मान वळवली. “काय काका, लागलं का?”

“तुला ऐकू आलं?”

“येणार ना. एवढ्या जवळ तर बसलात.”



घरी आले तेव्हा कुसाबाई खुर्चीत बसून मेथी निवडत होत्या. देवराम समोर जमिनीवरच बसले.

“कुसा, त्या दिवशी तू हळू घ्या म्हणालीस, ते मला ऐकू आलं होतं.”

“ठाऊक आहे मला.”

“कसं?”

“वरच्या आरशात तुमचं तोंड दिसत होतं. मी बोलले, तसं तुम्ही साहेबांकडे बघून हसलात.”

देवरामांनी मान खाली घातली. “मग लोकांना रस्त्याचं का सांगत राहिलीस?”

“काय सांगायचं होतं? नवऱ्याने हसत हसत पाठ मोडली म्हणून?” मेथीची एक काडी त्यांनी उगाच मोडली. “तुम्ही कधी बोलता याची वाट बघत होते. आता तेजलला सांगा. तिच्याशी खोटं बोललात तुम्ही.”

देवरामांनी तिथेच बसून फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. पलीकडे बाळ रडत होतं. 

“पप्पा,” तेजल म्हणाली, “मी तेव्हा आईलाच रागावले होते. जीपमध्ये तू तोंड मिटून का बसलीस, म्हणून. ती काही बोलली नाही, ऐकून घेतलं तिने.”

हे देवरामांना माहीत नव्हतं. त्यांनी कुसाबाईंकडे पाहिलं. त्या मेथीच्या काड्या गोळा करत होत्या. तेजलने फोन ठेवून दिला होता.

सकाळी देवराम म्हणाले, “रेल्वेचं तिकीट काढतो तुझं.”

“जीपनेच जाऊ,” कुसाबाई म्हणाल्या. “पण मी पुढे बसणार. पाठ दुखली तर मागे जाऊन पडेन. आणि थांबा म्हटलं की थांबायचं.”

मुन्नाने पुढे एका जुन्या कारची मागे रेलणारी सीट बसवली. जीप निघाली. येवल्याच्या अलीकडे कुसाबाई पहिल्यांदा म्हणाल्या, “थांबा.” देवरामांनी घाईने जीप कडेला घेतली. “दुखतंय का?” “नाही. कांद्याची लागण चाललीय, ती बघायची.” पुढे त्या पुन्हा पुन्हा थांबवत राहिल्या, कधी पाठीसाठी, कधी उगाच.  जालन्याला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ते नागपूरला पोचले.

तेजलने आईला धरून घरात नेलं, नात तिच्या मांडीवर दिली. बापाला पाणी दिलं, जेवायला वाढलं, पण बोलली नाही. दीक्षाभूमीवरही आईचा एक हात तिने धरला होता. दुसरा हात देवरामांनी धरला. तेवढं तिने धरू दिलं.

निघायच्या दिवशी ती म्हणाली, “आई इथे राहील थोडे दिवस. नंतर मी रेल्वेने आणून सोडेन.”

“बरं,” देवराम म्हणाले.

त्यांनी जीपमधली गादी बाहेर काढली. कुसाबाईंना दुपारी पडायला होईल, म्हणून ती तेजलच्या खोलीत नेऊन अंथरली, हाताने दाबून कमरेची जागा बघितली, आणि खाली येऊन एकटेच नाशिकला निघाले.