अण्णा गेटवर आला त्या दुपारी

मी गोकुळ रोडवरच्या एका कारखान्यात ड्रॉइंगचं काम करत होते. पाण्याच्या मोठ्या पाइपांचे व्हॉल्व्ह बनायचे तिथं. धारवाडात केलगेरीजवळ आमचं घर, रोज बसने हुबळीला जायचं. दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. आमचं एक ड्रॉइंग दुसऱ्या कंपनीच्या हाती पडल्याचं मालकांना कुठूनसं कळलं, आणि बेंगळुरूहून एक नवी सिस्टीम आली.

बसवणाऱ्या इंजिनिअरने आम्हा सगळ्यांना समजावलं होतं. "गॅसचा वास आला तर तुम्ही खिडकी उघडता. शेजारच्या खोलीत कुणी काडी ओढली तर मान वर करत नाही. पण वास आणि काडी एकापाठोपाठ आली तर?" सिस्टीम तेच करणार होती. दाराला लावलेलं कार्ड, कॉम्प्युटरवरचं लॉगिन, उघडलेली फाइल, सगळं एकत्र जोडून बघायचं आणि जुळणी संशयास्पद वाटली की इशारा द्यायचा. मला ते पटलं होतं. चोरी थांबावी असं मलाही वाटत होतंच की.

माझ्या थोरल्या भावाचं, अण्णाचं, त्याच रस्त्यावर लेथचं छोटं वर्कशॉप होतं. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो गेटवर आला. आईने माझ्यासाठी लोणच्याची बरणी पाठवली होती. मी कार्ड लावून बाहेर गेले, त्याच्याशी चार शब्द बोलले आणि बरणी दोन्ही हातांनी धरून परत फिरले. दाराशी आमच्या ड्रॉइंग विभागाचे साहेब होते. त्यांनी आपलं कार्ड लावलं, दार धरून ठेवलं, "या, या" म्हणाले. मी आत गेले. बाकीचे कँटीनमध्ये होते. खोलीत एकटीनेच बसून संध्याकाळी द्यायची ड्रॉइंगं उघडली.

दुसऱ्या दिवशी मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. साहेबही बसले होते.

"काल दुपारी तुम्ही बाहेर होतात," मालक कन्नडमध्ये म्हणाले. "त्याच वेळी तुमच्या नावाने इतकी ड्रॉइंगं कुणी उघडली? पासवर्ड कुणाला दिलात?"

"मीच उघडली. मी आत होते."

"कार्ड सांगतंय, तुम्ही बाहेर गेलात. परत आल्याची नोंद नाही. आणि वॉचमन म्हणतो, गेटवर तुमचा भाऊ आला होता."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी साहेबांकडे वळले. "सर, तुम्हीच दार धरलं होतंत माझ्यासाठी."

दुसऱ्यासाठी दार धरू नये, ही सूचना साहेबांच्याच सहीने दारावर चिकटवलेली होती. त्यांनी आधी मालकांकडे पाहिलं, मग टेबलाकडे. "रोज किती लोक येतात जातात. मला नाही आठवत."

चौकशी होईपर्यंत घरी थांबा, असं सांगण्यात आलं. माझी पर्स तपासून मला बाहेर सोडलं.

संध्याकाळी यजमान शाळेतून आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि हळूच विचारलं, "अण्णांना कधी काही दाखवलं होतंस का? सहज, बघायला म्हणून?"

मी कप उचलून आत गेले.

अण्णाला माझ्याकडून सगळं, यजमानांचा प्रश्नसुद्धा, कळलं तेव्हा तो स्वतः कारखान्यात गेला. "माझं वर्कशॉप बघा, काय सापडतं ते," म्हणाला. त्याला वाटलं, एवढं म्हटल्यावर ते शरमतील. पण ते खरंच आले. कारखान्याच्या दोन माणसांनी त्याच्या कामगारांसमोर कपाटं उपसली, पत्र्याच्या पेट्या उलट्या केल्या. काही सापडलं नाही. आईने फोनवर एवढंच विचारलं, "अगं, मी लोणचं कशाला पाठवलं गं?"

मग बेंगळुरूचा तो इंजिनिअर आला आणि त्याने मला बोलावून घेतलं. मालक आणि साहेब समोर होते. त्याने आरोप केला नाही, नुसतं विचारलं, कुठून आलात, कसं आलात. मग पडद्यावर बोट ठेवून साहेबांना म्हणाला, "सर, हे तुमचं कार्ड. बाकी वेळी तुम्ही आत गेलात की दार लगेच लागतं. इथं बराच वेळ उघडं राहिलंय. आणि त्यानंतर लगेच यांचं लॉगिन आहे. दार किती वेळ उघडं राहतं, तेही मी जोडून बघायला हवं होतं."

साहेबांनी रुमालाने मान पुसली. "असेल. त्यांच्या हातात लोणच्याची बरणी होती, म्हणून धरलं असेल."

बरणीचं मी त्या केबिनमध्ये कधीच बोलले नव्हते. मालकांच्या ते ध्यानात आलं की नाही, ठाऊक नाही. ते म्हणाले, "चला, मिटलं. विसरून जा, उद्यापासून या."

मी गेले. इंजिनिअरने सिस्टीमचा नियम सुधारला. कँटीनमध्ये लोक पुन्हा माझ्या टेबलाशी बसू लागले, पण मी आले की बोलणं मध्येच थांबायचं. साहेब फार अदबीने वागायचे, आणि तेच मला सोसेना. पहिलं ड्रॉइंग कुणी बाहेर दिलं होतं, ते कधीच कळलं नाही. काही महिन्यांनी मी ती नोकरी सोडली आणि धारवाडात घरीच नकाशे काढून द्यायला लागले.

यजमानांना मी एकदा विचारलंच. "अहो, तुम्ही मला तसं का विचारलंत?"

"मशीन कशाला खोटं बोलेल, असं वाटलं गं."

ते खोटं बोललंच नव्हतं. मी बाहेर गेले होते, हे खरंच होतं. पण हे त्यांना समजावण्याचं बळ माझ्यात उरलं नव्हतं.

त्या दिवाळीत अण्णा भाऊबीजेला आला नाही. कामाचं निमित्त सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यात मीच त्याच्या वर्कशॉपला गेले. त्याने हात पुसले, स्टूल पुढे केलं, कामगाराला चहा सांगितला. मुलांची परीक्षा, माझं नवं काम, केलगेरीच्या तळ्याचं पाणी किती आटलं, सगळं विचारलं. यजमानांचं नाव मात्र काढलं नाही. मीही काढलं नाही. चहा संपेपर्यंत आम्ही लेथच्या आवाजावरून मोठ्याने बोलत राहिलो.