हन्नामावशीचं पालथं पातेलं

हन्नामावशी गेली तेव्हा मी कोलाडला नणंदेकडे होते. शेजारच्या दुकानात ह्यांचा फोन आला, "मावशी गेली. लगेच ये." एसटीत बसले, पण नागोठणं येईपर्यंत रडू आलं नाही, नुसता रागच येत होता... बाईने हट्टाने मटण सोडून स्वतःला पार वाळवून घेतलं.

पेणला आमची दारं समोरासमोर. आळीतलं शेवटचं बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, घर तिचं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून माझी मासळी ती नखाने तपासायची. खवल्यांचा जिताडा, बोय तिला चाले, कोलंबी, चिंबोरी दिसली की, "ती तुझी तूच खा गो!" अंडं आधी वाटीत फोडायचं, रक्ताचा ठिपका दिसला तर टाकून द्यायचं. मटण मिठात ठेवून रक्त काढायचं. रश्शाला नारळाचं दूध. म्हशीचं दूध, दही, तूप त्या मटणाच्या पातेल्याच्या आसपासही नाही. "देवाने सांगितलंय, मंग विचारायचं कशाला?" तिच्या रश्शाचा वास आला की माझं वरण मला गिळवत नसे.

मग रोह्याचे म्हातारे काका, तिच्या धर्माच्या रीतीने बकरं कापणारे, मुलांकडे इस्रायलला निघून गेले. दुसरं कोणी उरलं नव्हतं. मावशीने मटणाचं पातेलं घासलं आणि फळीवर पालथं घातलं. बाजारात मटणाची इतकी दुकानं, तिच्यासाठी एकही नव्हतं. शेवटच्या आजारात डॉक्टरांनी पायाचं सूप सांगितलं. मी हातापाया पडले. "नाय गो. आता मरताना कशाला बाटवतेस?" तिचा मुलगा योना इस्रायलहून आमच्याच घरी फोन करी. "मटण खातेस ना, आई?" "व्हय रे, कालच केलं." फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघायचीही नाही.

योना पोचला तेव्हा दफन उरकलं होतं. सुतकाचे दिवस जमिनीवर बसून काढले त्याने. ते सरल्यावर म्हणाला, "वहिनी, आईसारखं मटण करा. बाजारातलं चालेल, मी तिकडे सगळं खातो." आणि फळीवरचं पातेलं त्याने स्वतःच काढलं.

"यात नको, योना. तिने कित्येक वर्षांत हे चुलीवर ठेवलं नाही."

"मग फोनवर म्हणायची ते..."

पातेलं मांडीवर घेऊन तो भिंतीशी बसून राहिला. त्या दिवशी जेवलाच नाही.

जाताना पातेलं मला देऊन गेला. माझ्या फळीवर आहे, पालथंच. परवा दूध उतू जायला लागलं, दुसरं भांडं हाताशी नव्हतं. घाईत त्याच्याकडे हात गेला... आणि तसाच मागे आला. दूध शेगडीवर सांडू दिलं.