वकीलसाहेबांचा आवाज

मला घडवलं ते जालन्याच्या एका वकीलसाहेबांनी. त्यांच्या घरचं अन्न मी खाल्लं, त्यांच्या ओसरीवर झोपलो. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी त्यांना वाईट म्हणणार नाही.

माझं गाव लांब, देगलूरकडं. बाप गेल्यावर मामानं जालन्याला आणलं. सातवी झाली की तेव्हा मास्तर होता यायचं; आईला तेवढंच हवं होतं. शाळेच्या झेंडावंदनाला मी बोललो ते साहेबांनी ऐकलं आणि मामाला म्हणाले, "ये लडका हमको दे दो. शाळेचं मी बघतो." मामाच्या एका खोलीत आधीच दाटी. त्यानं लगेच मान डोलावली.

साहेब उर्दूत शिकलेले. कोर्टात बोलायला लागले की दाराशी शिपाईसुद्धा थबकायचा. पण निजामशाही गेली, कारभार मराठीत आला, आणि साहेबांना तर निवडणूक लढवायची होती. घरात मराठी बराबर बोलत. सभेत मात्र वाक्य अर्ध्यावर अडायचं आणि लोक हसायचे. ते हसू त्यांना फार लागलं. म्हणून मी.

सकाळी ते मुद्दा सांगायचे, मी तो माझ्या बोलीत मांडायचो. कुठं थांबायचं, आवाज कुठं खाली आणायचा, गर्दीतल्या एखाद्या म्हातारीकडं बघून कसं बोलायचं, सगळं त्यांनी शिकवलं. घसा बसला की काकू, म्हणजे साहेबांच्या पत्नी, ज्येष्ठमध द्यायच्या आणि साहेब ओरडायचे, "पोराला गार पाणी कुणी दिलं?" ती काळजी माझी होती का माझ्या घशाची, हे तेव्हा मनात आलं नाही. आता येतं.

बाजाराच्या गावी मी बैलगाडीवर उभा राहून बोलायचो. खालून टोमणे यायचे, "पोपट बेस बोलून राह्यला, पण मालक मुका हाय का रं?" साहेब हसायचे. कान तेवढे लाल व्हायचे.

मग सातवीची परीक्षा आणि कुंभार पिंपळगावचा बाजार एकाच दिवशी आले. निवडणुकीआधीचा शेवटचा बाजार. काकूंनी पहाटे माझ्यासाठी दशम्या केल्या, शाळेत न्यायला. साहेब म्हणाले, "बेटा, जबरदस्ती नाही. तूच ठरव."

ज्यांच्या ताटात जेवलो त्यांच्यासमोर मी काय ठरवणार?

काकू म्हणाल्या, "आपलं लेकरू असतं तर नेलं असतं का हो?"

त्यांना मूल नव्हतं. साहेबांनी जोड्यात पाय सरकवले. मग म्हणाले, "आपलं असतं तर विचारलंच नसतं, सरळ नेलं असतं."

आपणही त्यांचंच लेकरू व्हावं, पुन्हा विचारायची वेळच येऊ नये, असं वाटून मला इतका आनंद झाला की मी गाडीत चढून बसलो.

माझी परीक्षा बुडाली, अन् साहेबही निवडणुकीत पडले. त्यानंतर सकाळचं शिकवणं थांबलं. मी समोर गेलो की ते दुसरीकडं बघायचे. पुढच्या परीक्षेचं त्यांनी नाव काढलं नाही, अन् माझी विचारायची छाती झाली नाही. शेवटी त्यांनीच मला मंठ्याला एका मारवाडी अडत्याकडं लावून दिलं. तिथं मी धान्याच्या लिलावात भाव पुकारतो. पोटाला मिळतं ते त्यांनी कमावलेल्या आवाजावरच. गावी गेल्तो तवा आईनं विचारलं, "मास्तर कधी होणार रं?" म्हणालो, "होईन." दुसरं काय सांगावं सुचलं न्हाई.

आता पुन्हा निवडणूक आली आहे. परवा साहेबांना भेटायला गेलो तर ओसरीवर नवं पोरगं बोलायचा सराव करत होतं. "आवाज बघितलास याचा?" साहेब कौतुकानं म्हणाले. मी त्याला हळूच परीक्षेचं विचारलं. त्याची सातवी ऐन प्रचारात येते. आत काकू उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि डोळ्याला पदर लावला.

मी नमस्कार करून निघालो. साहेबांपुढं अजून माझी बोबडी वळते. म्हणून इथं लिहितो. साहेब, त्याच्या परीक्षेच्या दिवसांत मी शेटजींची रजा काढून येईन. तुम्ही न्याल त्या बाजारात, लोक काहीही म्हणोत, गाडीवर मी उभा राहीन. पोराला शाळेत जाऊ द्या. तुमचे उपकार मी असेच फेडीन.