नुसता रस्सा

बांगड्याच्या रश्श्यात पडलेल्या तिरफळांचा वास आला की मला भांडुपच्या आमच्या चाळीतले शेजारचे काका आठवतात. ऐंशीच्या दशकात त्यांनी मासे सोडले आणि लगोलग साऱ्या चाळीला शुद्ध करायला घेतलं. त्यांच्या प्रवचनांच्या धाकानं आई स्वतःच्याच घरात दार लावून, चोरासारखी मासे शिजवू लागली. एका रविवारी वासामागोमाग काकाच आत आले. "वहिनी, तुकडा नको हां, तत्त्व आहे माझं. नुसता रस्सा वाढा." आईनं शांतपणे चहाची गाळणी घेतली आणि रस्सा गाळून वाटीत ओतला. "तत्त्वाक काटो लागात, भावजीनू." काका लाजले नाहीत; त्यांनी दुसरी वाटी मागितली. आईनं तीही भरली, उठली आणि चाळीला दिसावं म्हणून दार सताड उघडलं. आजही कुणी आपली तत्त्वं सांगू लागला की मी त्याला आधी जेवायला बोलावतो.